पालवा बंदरावरील ताजमहाल हॉटेल : दोन दंतकथा आणि एक आराखडा

सुरतेहून मुंबईस जाणारे मराठी कुटुंब सहसा गेटवे ऑफ इंडिया पाहिल्याविना परतत नाही. तेथे उभे राहून पाठ फिरविली की समोर ताजमहाल हॉटेलाची करड्या दगडाची भव्य इमारत आणि तिचा तांबूस घुमट दिसतो. आणि बरोबरच्या मंडळींपैकी कोणीतरी, बहुधा घरातील वडीलधारे, मुलांना दोन कथा हमखास सांगतात. पहिली कथा अशी की, जमशेटजी टाटांना गोऱ्यांच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारण्यात आला, त्या अपमानाचा सूड म्हणून त्यांनी त्याहून मोठे हॉटेल बांधले. दुसरी कथा अशी की, हे हॉटेल चुकून उलटे बांधले गेले. विलायती वास्तुकाराने नकाशे धाडले, येथल्या लोकांनी ते उलटे धरले, पुढची बाजू मागे आणि मागची बाजू समुद्राकडे गेली, आणि हा अनर्थ पाहून त्या वास्तुकाराने आत्महत्या केली.

दोन्ही कथा ऐकावयास रंजक आहेत. परंतु दोहोंनाही भक्कम आधार नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांचा परामर्श घेणार आहो, तो केवळ चूक दाखविण्यासाठी नव्हे. या कथांच्या आड दोन माणसे आणि एक अतिशय विचारपूर्वक केलेला आराखडा झाकला गेला आहे. त्यांपैकी एक माणूस आपल्या सुरतेच्या शेजारचा, नवसारीचा; दुसरा मराठी नावाचा. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी वाचकांना या दोघांची गाठ पडल्याची हकीकत आपलीच वाटेल असा आमचा विश्वास आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. त्या वेळी नवसारी बडोद्याच्या गायकवाडांच्या अमलाखाली होती आणि ती १९४९ पर्यंत तशीच राहिली. इंग्रजी सुरत आणि गायकवाडी नवसारी यांच्यात अवघे काही कोसांचे अंतर. पण कचेऱ्यांचा कारभार निराळा. नवसारी प्रांताच्या कचेऱ्यांतून मराठी अंमलदार आणि कारकून वावरत, बाजारात गुजराती चाले आणि पारशी मोहल्ल्यात अवेस्तातील प्रार्थना ऐकू येत. अशा गावातून हा मुलगा मुंबईस गेला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला, आणि पुढे त्याने आपली पहिली मोठी गिरणी मुंबईत न काढता नागपुरास काढली. १८७७ साली सुरू झालेली ती एम्प्रेस मिल. कापूस जेथे पिकतो तेथेच कापड विणावे, हा त्यामागील हिशेब होता. जागेचा विचार प्रथम करावयाचा, ही जमशेटजींची रीत येथपासून दिसते.

आता पहिल्या कथेकडे वळू. वॉटसन हॉटेल हे आपल्या काळातील नवल होते यात शंका नाही. १८६७ ते १८६९ या काळात ते उभे राहिले. त्याचा संपूर्ण लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजातून आणून, मुंबईत जोडण्यात आला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ तेथेच झाला. हे हॉटेल युरोपीय पाहुण्यांपुरते होते, हेही खरे. परंतु जमशेटजींना तेथील दारातून परत पाठविल्याचा विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही, आणि जाणते इतिहासकार या कथेकडे साशंकतेनेच पाहतात.

पुरावा बाजूस ठेवला तरी कथा त्या माणसाच्या स्वभावाशी जुळत नाही. ज्या वर्षांत हॉटेलाची कल्पना आकारास येत होती, त्याच वर्षांत जमशेटजी पोलादाचा कारखाना, विज्ञानाची उच्च संस्था आणि सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज, अशा तीन योजनांत गढलेले होते. या चार स्वप्नांपैकी फक्त हॉटेल त्यांच्या हयातीत उभे राहिले. पोलादाची कंपनी १९०७ साली, बंगळूरची संस्था १९०९ साली आणि जलविद्युत कंपनी १९१० साली, अशा तिन्ही गोष्टी त्यांच्या मागे झाल्या. ज्याच्या डोक्यात एवढे होते, त्याने केवळ मानभंगाच्या रागापायी एवढा खर्च केला असे मानणे आम्हांस तरी पटत नाही.

खरे कारण त्या काळच्या मुंबईच्या स्थितीत शोधावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिज्वराची साथ उद्भवली आणि पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. लाखो लोक गाड्या भरभरून गावी निघून गेले. घरांची झडती, माणसांची सक्तीची रवानगी, बंदरांवरील निर्बंध यांनी व्यापार खिळखिळा झाला. १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो याच आपत्तीतून. मुंबईत उतरणे धोक्याचे, हा लौकिक जगभर झाला होता. अशा वेळी जमशेटजींनी पालवा बंदराजवळची, समुद्र हटवून केलेली जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तेथे हॉटेल बांधण्याचे ठरविले. आपण हॉटेलवाले व्हावे ही त्यांची आकांक्षा नव्हती. परदेशी पाहुण्याने या शहरात यावे, राहावे आणि येथे भांडवल गुंतवावे हा हेतू होता, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते. घरच्यांना मात्र हे रुचले नाही. विज्ञानसंस्था आणि पोलाद यांच्या गोष्टी करणारा भाऊ आता भटारखाना काढणार काय, असे त्यांच्या बहिणीने विचारल्याची आठवण सांगितली जाते. ‘भटारखाना’ हा शब्द गुजरातीत आणि मराठीत सारखाच टोचतो, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

येथे दुसऱ्या माणसाचा प्रवेश होतो. हॉटेलाचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केले. म्हणजे कथेतील तो विलायती वास्तुकार मुळात विलायती नव्हताच. वैद्य हे त्या काळी मुंबईत अनुभवी मानले जात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आपले बोरीबंदर, बांधले, त्या कामावर सीताराम खंडेराव हे साहाय्यक अभियंता होते. १८७८ साली आरंभलेले आणि १८८८ साली पुरे झालेले ते काम म्हणजे दहा वर्षांची शाळाच म्हणावयाची. अवजड दगडी घुमट भिंतींवर कसा पेलावा, कोरीव काम करणाऱ्या कारागिरांकडून नकाशाबरहुकूम काम कसे करवून घ्यावे, मुंबईच्या पावसात दगडाचे सांधे कसे टिकवावेत, हे सारे तेथे हाताखालून गेले असणार.

बोरीबंदराचे नाव निघाले की स्टीव्हन्स यांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. परंतु आमची हयात सरकारी कचेऱ्यांत, नकाशे आणि मंजुऱ्यांच्या सहवासात गेली असल्याने एक गोष्ट आम्हांस नेहमी जाणवते. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात तीन सह्या असतात : आखणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. कोनशिलेवर जाते ते तिसऱ्याचे नाव. पहिले दोघे दप्तरात राहतात, आणि दप्तराला वाळवी लागली की तेथूनही जातात. सीताराम खंडेराव यांचे नाव बोरीबंदराच्या हकिकतीत दुसऱ्या ओळीत राहिले. ताजमहाल हॉटेलाच्या बाबतीत ते पहिल्या ओळीत यावयास हवे होते, तर तेथे लोकांनी एक काल्पनिक साहेब आणून बसविला.

हॉटेलाचे काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पूर्णत्वास नेले. बांधकामाचे कंत्राट खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्याकडे होते. घुमटाखालचा तो प्रसिद्ध जिना, जो भिंतीतून निघून अधांतरी वर गेल्यासारखा भासतो, तो या कंत्राटदारानेच रचला आणि बांधला असे नमूद आहे. एकूण पाहता नवसारीचा पारशी मालक, मराठी आणि पारशी नावांचे आराखडाकार, पारशी कंत्राटदार आणि शेवटचा हात इंग्रज अभियंत्याचा, अशी ही मंडळी होती. आत्महत्येच्या कथेला यात कोठेच जागा सापडत नाही.

तथापि ‘उलटे बांधले’ हा आक्षेप केवळ नावे सांगून मिटत नाही. कारण एक गोष्ट खरी आहे : हॉटेलाचे मूळ प्रवेशद्वार समुद्राकडे नव्हते, ते पश्चिमेस, शहराच्या बाजूस होते. मग समुद्रकाठी हॉटेल बांधून समुद्राकडे पाठ का केली? याचे उत्तर नकाशावर बोट ठेवले की मिळते.

मुंबई ही दक्षिणोत्तर पसरलेली चिंचोळी भूमी आहे. तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस बंदराची खाडी. पालवा बंदर पूर्व किनाऱ्यावर आहे. म्हणजे हॉटेलाच्या समोर पाणी असले तरी दुपारनंतरचा खारा वारा त्या पाण्यावरून येत नाही. तो पाठीमागून, बॅक बेकडून, शहर ओलांडून येतो. कोळी लोक ज्याला मतलई म्हणतात तो जमिनीवरचा वारा रात्री-पहाटे उलट दिशेने वाहतो. विजेचे पंखे नुकतेच येऊ लागले होते आणि वातानुकूलन ही वस्तू अस्तित्वातच नव्हती, अशा काळात पाहुण्याच्या सुखाचा पहिला प्रश्न वाऱ्याचा होता. म्हणून आराखडा इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा केला गेला. लांब बाजू बंदराला समांतर ठेवली, जेणेकरून अधिकात अधिक खोल्यांतून जहाजे दिसावीत. आणि दोन बाहू पश्चिमेकडे पसरून मधला चौक शहराकडे मोकळा ठेवला, जेणेकरून दुपारचा वारा त्या चौकात शिरावा आणि इमारतीत खेळावा. पाहण्याचे सुख पूर्वेकडून, वाऱ्याचे सुख पश्चिमेकडून, अशी ती वाटणी होती.

दाराचा प्रश्नही याच चौकाने सोडविला. पाहुण्यांच्या घोडागाड्या यायच्या त्या शहरातून आणि स्थानकाकडून. समुद्राच्या बाजूस तेव्हा आजच्यासारखे मोकळे पटांगणही नव्हते. गेटवेसाठी तेथील समुद्र हटविण्याचे काम पुढच्या दशकातले आहे. गाड्या चौकात शिराव्यात, पाहुणे छपराखाली उतरावेत, सामान आत जावे आणि समुद्राकडील खोल्यांना घोड्यांचा गलबला ऐकू जाऊ नये, ही सोय पश्चिमेकडील दारानेच होत होती. आपल्याकडील वाड्यांचा विचार करणाऱ्यास हे चटकन कळेल. वाड्यातही रहदारी चौकापर्यंत येते आणि निवांत दालने चौकापलीकडे असतात. वैद्य यांच्या मनात वाडा होता असे आम्ही म्हणत नाही. आराखडा पाहताना आम्हांस त्याची आठवण होते एवढेच.

मग ही योजना ‘चूक’ कशी ठरली? आमच्या मते काळाच्या ओघात तिच्या खुणा पुसल्या गेल्या म्हणून. पुढे प्रवेशद्वार समुद्राच्या बाजूस आणले गेले. जेथे घोडागाड्या वळत होत्या त्या चौकात पोहण्याचा तलाव झाला. खोल्यांतून यंत्राचा थंडावा आला आणि वाऱ्याची गरज संपली. कारण नाहीसे झाले आणि त्याचा परिणाम तेवढा दगडात शिल्लक राहिला. कारण ठाऊक नसलेली कोणतीही गोष्ट पाहणाऱ्याला चुकीची वाटते, आणि चुकीला गुन्हेगार हवा असतो. अशा रीतीने एका वास्तुकारास लोकांनी आत्महत्या करावयास लावले.

इमारतीच्या रूपाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण जुने आणि नवे यांची सांगड या विषयावर आज मोठमोठ्या परिषदा भरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदी आणि युरोपीय वास्तुकलांचा मेळ घालणारी जी शैली रूढ झाली तिला हिंदी-सारासेनी असे नाव पडले. मेजर चार्ल्स मँट यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा याच विचाराने आखले. लक्ष्मीविलासाचे काम त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेऊन १८९० साली पूर्ण झाले. म्हणजे मराठी संस्थानिकांनी ही शैली पालवा बंदराच्या आधीच आपलीशी केली होती. ताजमहाल हॉटेलाच्या कोपऱ्यांवरील घुमटीदार बुरूज, भिंतीबाहेर आलेले सज्जे आणि झरोके यांत गुजरातच्या वास्तुकलेचा अंश उघड दिसतो. अहमदाबाद-सुरतेकडील हवेल्यांच्या लाकडी झरोक्यांवर ज्यांची नजर वाढली आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. मधला मोठा घुमट मात्र युरोपीय वळणाचा आहे, आणि त्याचे नाते बोरीबंदरच्या घुमटाशी जोडण्याचा मोह आवरत नाही. हा घुमट पुढे बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून दिशा दाखविणारी खूण म्हणूनही उपयोगी पडला.

बाहेरून असे पारंपरिक रूप असता आत काय होते? जमशेटजी स्वतः युरोपात हिंडून सामानाची खरेदी करीत होते. ड्यूसेलडॉर्फहून विजेची यंत्रसामग्री, बर्लिनहून झुंबरे, अमेरिकेतून पंखे, पॅरिसहून लोखंडी खांब, जर्मनीतून लिफ्ट अशी ती यादी आहे. ते पॅरिसचे खांब नृत्यगृहाचे छत पेलण्यास वापरले गेले. हॉटेलाचा स्वतःचा बर्फ आणि सोडावॉटरचा कारखाना, यंत्रावर चालणारा धुलाईखाना, तुर्की पद्धतीची स्नानगृहे अशी व्यवस्था करण्यात आली. विजेच्या दिव्यांनी उजळणारी अशी इमारत मुंबईला तेव्हा नवलाची होती. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल पाहुण्यांना खुले झाले. त्यानंतर पाच महिन्यांतच, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजी निवर्तले.

वॉटसन हॉटेलाशी येथे तुलना करून पाहावी. तेथे सांगाडाच परदेशातून तयार होऊन आला आणि मुंबईत केवळ जोडला गेला. तो सांगाडा कोठल्याही गावी तसाच उभा राहिला असता. पालवा बंदरावर यंत्रे परदेशातून आली, पण इमारत कोठे तोंड करील, चौक कोठे ठेवील, वारा कोठून घेईल, हे येथल्या माणसाने येथल्या जमिनीवर उभे राहून ठरविले. वारसा आणि आधुनिकता यांची सांगड म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. वारसा केवळ घुमटात नसतो. तो जागेच्या जाणकारीत अधिक असतो.

पुढील इतिहास वाचकांस बव्हंशी परिचित आहे. पहिल्या महायुद्धात या हॉटेलाचे ६०० खाटांचे रुग्णालय झाले. ३१ मार्च १९११ रोजी समोर गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला बसली आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली ती कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. विटेट यांनी सोळाव्या शतकातील गुजरातच्या वास्तुकलेचा आधार घेतला, म्हणजे तेथेही आपल्या प्रदेशाचा हात लागलेला आहे. आज लोक गेटवे आणि ताज एकाच श्वासात उच्चारतात. परंतु हॉटेल एकवीस वर्षांनी वडील आहे.

१९७३ साली शेजारच्या जुन्या ग्रीन्स हॉटेलाच्या जागी उंच मनोरा उभा राहिला. त्याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. आमचे मत विचाराल तर, त्याने जुन्या इमारतीची हुबेहूब नक्कल करण्याचा प्रयत्न केला नाही हे बरेच झाले. कमानींचे एक सूत्र राखून त्याने आपले वेगळेपण मान्य केले आहे. परंतु उंचीने तो जुन्या घुमटावर जी मात करतो, ती डोळ्यांना खुपते, हेही नमूद केले पाहिजे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी या हॉटेलात शिरले. घुमटाजवळून निघणाऱ्या ज्वाळांचे चित्र सुरतेच्या घराघरांतून तीन दिवस दिसत होते. पाहुण्यांना वाचविताना तेथील अनेक सेवकांनी प्राण गमावले, आणि मेजर संदीप उन्नीकृष्णन याच इमारतीत धारातीर्थी पडले. मनोऱ्याचा भाग डिसेंबर २००८ मध्येच पुन्हा उघडला. जुन्या इमारतीच्या जीर्णोद्धारास मात्र अधिक काळ लागला आणि ती १५ ऑगस्ट २०१० रोजी खुली झाली. २०१७ साली या इमारतीच्या आकृतीची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. एखाद्या इमारतीला असे संरक्षण भारतात प्रथमच मिळाले. घुमटाची आकृती कायद्याने सुरक्षित झाली. आराखडा करणाऱ्याचे नाव अजून तितके सुरक्षित नाही.

समुद्रकाठच्या हॉटेलांचा विचार करताना गोव्याचाही उल्लेख करावासा वाटतो. पोर्तुगिजांनी १६१२ साली पुरा केलेल्या आग्वाद किल्ल्याच्या शिंकेरी येथील खालच्या तटाशी १९७४ साली हॉटेल उभे राहिले. तेथे आराखडाकारांपुढे निराळा प्रश्न होता : जुनी वास्तू होतीच, तिच्या शेजारी नवे कसे राहावे? उंच मजले न चढवता, कौलारू छपरे टेकडीच्या उतारावर पसरून तो सोडविला गेला. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यास आले तेव्हा हा परिसर जगाच्या नजरेस पडला.

परंतु समुद्रकाठी हॉटेल बांधले की आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे किनारा कोणाचा? गोव्यातच वायंगिणी किनाऱ्यावरील एका हॉटेलाच्या प्रकरणात, समुद्राकडे जाणारी लोकांची वाट अडविता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये दिला. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केल्याने त्या प्रकरणास आणखी वळणे लागली. तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पालवा बंदरावर मात्र हॉटेल आणि पाणी यांच्या मध्ये सार्वजनिक रस्ता राहिला. ज्याच्या खिशात हॉटेलात चहा पिण्याइतके पैसे नाहीत तोही त्या कठड्यावर बसून समुद्र पाहू शकतो. समुद्राच्या बाजूने हॉटेलाचा खासगी बगीचा पाण्यापर्यंत गेला असता, तर सुरतेच्या कुटुंबांना तेथे उभे राहून कथा सांगावयास जागाच उरली नसती.

हे सर्व सुरतेत बसून लिहिण्याचे प्रयोजन आता सांगतो. प्रवाशाची सोय ही गोष्ट सुरतेने मुंबईकडून शिकलेली नाही. शहाजहानच्या अमदानीत, १६४४ साली, येथे मुघलसराई बांधली गेली. हजला निघालेले यात्रेकरू तेथे उतरत. मोठा चौक आणि त्याच्या भोवती खोल्या, अशी तिची रचना. पुढे याच वास्तूत सुरत महानगरपालिकेचा कारभार चालला. मुंबईच्या गोदीचा पाया घालणारे लवजी नसरवानजी वाडिया हेही अठराव्या शतकात सुरतेहूनच तेथे गेले. बंदराच्या गावाने परक्याचे स्वागत कसे करावे, याची ही जुनी परंपरा आहे.

आज डुमसच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर रविवारी पाय ठेवावयास जागा नसते. विमानतळ जवळ आहे, खजोदला हिऱ्यांचा भव्य बाजार डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटित झाला आहे, आणि या दिशेने शहर झपाट्याने सरकत आहे. मोठी हॉटेले आली आहेत आणि आणखी येतील. त्यांच्या दर्शनी भागावर घुमट्या आणि जाळ्या लावल्या जातील आणि त्यास ‘हेरिटेज’ म्हटले जाईल, हे भाकीत करावयास ज्योतिषी नको. आमचे सांगणे एवढेच की, पालवा बंदराचा घुमट उचलून डुमसला आणण्यात अर्थ नाही. तेथे समुद्र पूर्वेस होता, येथे तो पश्चिमेस आहे. तेथे दृश्य एकीकडे आणि वारा दुसरीकडे होता. येथे दोन्ही एकाच अंगाने येतात, आणि त्यांच्याबरोबर उतरतीचे ऊन आणि मान्सूनचा मारही त्याच अंगाने येतो. खंबातच्या आखातातील भरती-ओहोटी मुंबईहून कितीतरी मोठी आहे; पाणी कोसभर मागे जाते आणि चिखल उघडा पडतो. सीताराम खंडेराव यांचा कित्ता गिरवावयाचा तर त्यांची रेघ नव्हे, त्यांची रीत गिरवावी लागेल. आणि टोमॅटोची भजी घेऊन वाळूवर बसणाऱ्या सामान्य कुटुंबाची वाट मोकळी ठेवावी लागेल.

शेवटी पुन्हा त्या दोन दंतकथांविषयी. दोन्ही कथांचा गाभा अपमान हा आहे. एकीत मालकाचा, दुसरीत वास्तुकाराचा. जेथे दूरदृष्टी होती तेथे आपण सूड पाहिला, आणि जेथे विचार होता तेथे चूक पाहिली. आपल्या समाजाच्या बाबतीतही असेच घडत आले आहे. सुरत आणि मराठे म्हटले की लोकांना १६६४ आणि १६७० ही दोनच साले आठवतात. त्यानंतर गायकवाडी कचेऱ्यांतून हिशेब ठेवणारे, ताप्ती व्हॅली रेल्वेने खानदेशातून येऊन उधना-लिंबायतच्या मागांवर राबणारे, आमच्या नवागाम-डिंडोलीत पत्र्याच्या खोल्यांतून शाळा सुरू करणारे, यांची साले कोणी पाठ करीत नाही. त्यांच्या कामाभोवती दंतकथा जमली नाही, म्हणून ते काम कमी ठरत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेस मुंबईस जाल तेव्हा मुलांना दोन्ही कथा जरूर सांगा. कथा सांगण्यात पाप नाही. पण नंतर त्यांना हॉटेलाच्या मागच्या रस्त्यावर, पश्चिमेच्या बाजूस, घेऊन जा. दुपार टळलेली असावी. तेथे उभे राहिल्यावर वारा कोणत्या बाजूने येतो ते त्यांना विचारा, आणि मग रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे नाव सांगा.